बुटका टायर घरीं चढवितांना

लालबागच्या लांबच लांब पुलाखालून सायंकाळच्या वेळीं मुंगीच्या पावलानें सरकणाऱ्या मोटारींच्या चाकांकडे कोणीं क्षणभर निरखून पाहिलें, तर गेल्या पंचवीस-तीस वर्षांत चाकाची आकृति केवढी पालटली आहे हें त्याच्या ध्यानांत आल्यावांचून राहणार नाहीं. ज्या काळ्यापिवळ्या प्रीमियर पद्मिनीनें मुंबईकरांच्या दोन पिढ्यांची ने-आण केली, तिचें चाक म्हणजे मधोमध एक लहानशी लोखंडी थाळी आणि तिच्या भोंवतीं रबराची गुबगुबीत गादी. ती टॅक्सी ऑक्टोबर २०२३ मध्यें मुंबईच्या रस्त्यांवरून निवृत्त झाली. आजच्या मोटारींत थाळी ऐसपैस, चकचकीत आणि अलॉय धातूची. आणि रबर पाहावें तर तिच्या कडेला लावलेली जणूं एक पट्टी! हाच तो ‘लो प्रोफाइल’ टायर. त्यास बुटका टायर म्हणावयास हरकत नाहीं.

हा बुटकेपणा डोळ्यांनीं ठरविण्याचें कारण नाहीं. तो टायरच्या अंगावरच छापलेला असतो. २०५/४५ आर १७ असे आंकडे असले, तर टायरची रुंदी २०५ मिलिमीटर. उंची त्या रुंदीच्या शेंकडा ४५, म्हणजे सुमारें ९२ मिलिमीटर, जेमतेम पांच बोटें. आणि ज्या रिमवर तो बसतो तिचा व्यास १७ इंच. पद्मिनीच्या जुन्या टायरची उंची जवळजवळ त्याच्या रुंदीएवढीच असे. उंची कमी झाली म्हणजे वळणावर टायर कमी कलंडतो, सुकाणूचा हुकूम चाक झटकन् मानतें, आणि मोठ्या रिमच्या पोटांत मोठे ब्रेक मावतात. १९७० नंतरच्या दशकांत पिरेली कंपनीनें शर्यतीच्या व वेगवान मोटारींकरितां असे टायर पुढें आणले. तेथून ते हळूहळू घरगुती मोटारींपर्यंत उतरले. मुंबईच्या पहिल्या पावसानंतरच्या खड्ड्यांना ही शोभा कितपत मानवते, हा प्रश्न अर्थात् निराळा. खड्ड्याच्या धारेवर आपटतांच आंतील दोरे तुटतात, बाजूवर लिंबाएवढा फुगा येतो. आणि असा फुगा आलेला टायर दुरुस्त होत नाहीं, तो बदलावाच लागतो.

मग येथून गृहस्थाच्या मनांत एक विचार डोकावतो. हें काम घरींच कां करूं नये? परळ, लालबाग, शिवडी या भागांत तर हा विचार येणें अगदीं स्वाभाविक. १९८२ च्या संपापूर्वीं या वस्तीतले हजारों हात गिरण्यांतील यंत्रें खोलीत आणि जोडीत असत. शिवडीला तर फायरस्टोनचा टायरांचाच कारखाना होता. पुढें नांवें बदलीत बदलीत तो बंद पडला. अनेक घरांत खाटेखालच्या पत्र्याच्या पेटींत आजहि पान्हे, पहारी आणि हातोडे तेलाचें बोट लावून जपलेले आढळतील. ज्या वडिलांनीं टॅक्सीचा टायर दोन टामी आणि एक हातोडा घेऊन पदपथावर सहज चढविलेला पाहिला आहे, त्यांना मुलाच्या नव्या मोटारीचा टायर परक्याच्या हातीं देणें कमीपणाचें वाटल्यास नवल नाहीं. हौस चांगलीच आहे. परंतु जुन्या टायरचें ज्ञान येथें पुरें पडत नाहीं. आणि जेथें पुरें पडत नाहीं, तेथें बोटें, रिम व प्रसंगीं जीवहि धोक्यांत येतो. म्हणून या कामाचें मर्म आधीं समजून घेतलें पाहिजे.

टायरच्या दोन्ही कांठांत पोलादी तारांचें कडें असतें. तें ताणत नाहीं. कितीहि जोर केला तरी मोठें होत नाहीं. रिमची कडा मात्र त्या कड्याहून मोठी. मग लहान कडें मोठ्या कडेवरून पलीकडे जातें कसें? याचें उत्तर १८९० सालीं वेल्श नांवाच्या इंग्रज गृहस्थानें शोधून काढलें. त्यानें रिमच्या मध्यभागीं एक खोल चर ठेवला. कांठाची एक बाजू त्या चरांत उतरविली, कीं समोरच्या बाजूस तेवढी सैलाई मिळते आणि कांठ कडेवरून सुखानें घसरतो. अरुंद बांगडी मनगटांत चढवितांना बाया हाताचा अंगठा आंत दुमडून घेतात, त्यांतलाच हा प्रकार! १३० वर्षें उलटून गेलीं, टायर बदलले, रबर बदललें. हा चर कायम आहे. टायर चढविणें ही शक्तीची गोष्ट नसून कांठ चरांत राखण्याची गोष्ट आहे, हें ज्याला उमगलें त्याचें निम्में काम झालें.

बुटक्या टायरचें दुखणें नेमकें येथेंच आहे. उंच टायरची बाजू मऊ, लवचिक. गुडघ्यानें दाबली कीं कांठ निमूटपणें चरांत जाऊन बसे. बुटक्याची बाजू आखूड आणि ताठ. एका ठिकाणीं दाबावी तों दुसरीकडे कांठ उसळून वर येतो. त्यांत चर पुष्कळदां उथळ असतो, आणि अलॉयची कडा लोखंडासारखी सोशीक नसते. टामीचा एक ओरखडा कायमचा राहतो.

प्रथम जुना टायर उतरविण्याचें. मोटार जॅकवर उचलण्यापूर्वींच चाकाचे नट थोडे सैल करावे. चाक अधांतरीं असतां ते सोडवूं जाणें म्हणजे मोटार जॅकवरून ढकलण्यासारखें आहे. व्हॉल्वमधली पिन काढून हवा पूर्ण सोडावी. नंतर कांठ रिमपासून सुटा करावयाचा. बिनट्यूबच्या टायरमध्यें कांठ जागेवरून घसरूं नये म्हणून रिमला आंतून बारीक उंचवटा असतो. त्यामुळें कांठ अगदीं घट्ट चिकटून बसतो. हातोड्यानें ठोकून तो सुटत नाहीं, रिम मात्र फुटते. याकरितां लांब दांड्याचें हाती यंत्र मिळतें. मधल्या खांबावर चाक आवळावयाचें, दांड्याच्या एका टोंकानें कांठ सोडवावयाचा व दुसऱ्या टोंकानें चढवावयाचा, अशी त्याची रचना. पण तें यंत्र जमिनींत बोल्टांनीं पक्कें ठोकावें लागतें. गिरगांवच्या चाळीच्या गॅलरींत तें ठोकूं कोण देणार? दादरच्या एखाद्या जुन्या बंगलीला स्वतःची मोटारखोली असेल, तर गोष्ट वेगळी.

चढवितांना रिमची कोणती बाजू वर ठेवावी, हें पुष्कळांना ठाऊक नसतें. चर रिमच्या नेमका मध्यावर नसतो; तो एका कडेला जवळ असतो. ती जवळची बाजू वर ठेवावी आणि तिकडूनच टायर चढवावा. उलट बाजूनें सुरुवात केली, तर पैलवान आणला तरी टायर चढावयाचा नाहीं. टायरवर फिरण्याच्या दिशेचा बाण किंवा बाहेरील बाजूची खूण असल्यास तीहि आधींच पाहून घ्यावी, नाहींतर सारा खटाटोप दुसऱ्यांदां. खरेदी करतांना बाजूवरचे शेवटचे चार आंकडेहि वाचावे. २३२४ याचा अर्थ २०२४ सालच्या तेविसाव्या आठवड्यांतला माल.

दोन्ही कांठांना टायरचा साबणी मलम भरपूर लावावा. ग्रीस किंवा यंत्राचें तेल चुकूनहि लावूं नये. तें रबर खातें, आणि वाळत नसल्यामुळें ब्रेक दाबतांना टायर रिमवर फिरण्याची भीति. पहिला कांठ तिरपा धरून दाबला म्हणजे बहुधा हातानेंच उतरतो. दुसरा मात्र परीक्षा पाहतो. त्याचा आरंभींचा भाग चरांत दाबून, तो तेथेंच राहावा म्हणून रिमची कडा व टायर यांच्यामध्यें लाकडी ठोकळा सरकवून ठेवावा. मग कडेवर चामड्याचा किंवा प्लॅस्टिकचा तुकडा घालून, दोन-तीन इंचांचे लहान लहान घास घेत टामी पुढें न्यावी. व्हॉल्वच्या आसपास, विशेषतः तेथें हवेचा दाब सांगणारें यंत्र असल्यास, टामी घालूं नये. जोर एकाएकीं वाढूं लागला, तर समोरचा कांठ चरांतून वर आला आहे असें खुशाल समजावें. अशा वेळीं टामीवर उभें राहणारे पुष्कळ असतात. तसें केल्यास कांठांतील तार मोडते. बाहेरून कांहींच दिसत नाहीं, आणि हवा भरतांना तोच टायर फुटतो. थांबावें, मागें यावें, समोरची बाजू पुन्हां दाबावी.

आतां हवा. येथपर्यंत चूक झाली तर पैशाचें नुकसान. येथून पुढें चूक झाली तर माणसाचें. बिनट्यूबच्या टायरचे कांठ रिमला टेकल्याशिवाय आंत हवा ठरत नाहीं, आणि हवा ठरल्याशिवाय कांठ टेकत नाहींत. पायपंपाची फुंकर येथें निरुपयोगी. टाकी असलेला कॉम्प्रेसर हवा. व्हॉल्वची पिन काढून ठेवली म्हणजे हवेचा लोंढा जोरानें आंत शिरतो, आणि ‘ठक्, ठक्’ असे दोन आवाज होऊन दोन्ही कांठ जागेवर बसतात. ४० पौंडांपर्यंत ते बसले नाहींत, तर हवा सोडून, पुन्हां मलम लावून नव्यानें आरंभ करावा. ‘आणखी पांच पौंड भरून पाहूं’ हा मोह घातक होय. वर सांगितलेल्या मापाच्या टायरमध्यें ४० पौंड हवा असतां त्याच्या एकेका बाजूवर चार टनांहून अधिक जोर पडतो, म्हणजे एका मोठ्या हत्तीचें वजन. चाळीच्या चौकांत असा उद्योग चालला असतां भोंवतीं मुलांचें कडें जमतेंच. हवा भरण्यापूर्वीं त्यांना घरांत पिटाळावें, स्वतः चाकावर वांकूं नये, आणि लांब नळी व घड्याळ घेऊन बाजूला उभें राहावें. पेट्रोल शिंपडून काडी लावण्याचे आणि भडक्यानें कांठ बसविण्याचे खेळ हल्लीं मोबाइलच्या पडद्यावर दिसतात. लांकडी जिने असलेल्या इमारतींत राहणाऱ्या माणसानें ते पाहूंहि नयेत.

टायर बसला, कांठाजवळची बारीक रेघ रिमपासून सर्वत्र सारख्या अंतरावर दिसली, म्हणजे काम पुरें झालें असें वाटतें. पण चाकाचा तोल राहिलाच. रुंद चाकाचा तोल घरगुती साधनांनीं नीट होत नाहीं. सागरी सेतूवर मोटार वेग घेतांच सुकाणू थरथरूं लागतें. तेवढ्यासाठीं दुकानाची पायरी चढावीच लागते. ज्याला तेथें जावयाचेंच आहे त्यानें टायरहि तेथेंच चढवून घेतला, तर त्यांत कोणाचा मान जात नाहीं. चाक परत लावतांना नट समोरासमोरचे आळीपाळीनें आवळावे, आणि शंभर किलोमीटर होण्याच्या आंत पुन्हां एकदां तपासावे.

उतरविलेला टायर मात्र गच्चीवर किंवा जिन्याखालीं टाकूं नये. त्यांत पावसाचें पाणी सांचतें, त्या पाण्यांत डेंग्यूचा डांस अंडीं घालतो, आणि म्हणूनच महापालिकेचे लोक पावसाळ्यापूर्वीं असे टायर हुडकून उचलून नेतात. नवा टायर विकणाऱ्या दुकानदाराच्याच हवालीं तो त्याच दिवशीं करून टाकावा.