वाऱ्याचे गणित आणि शिडाची मर्यादा

(हीरक महोत्सवी समारंभात माजी विद्यार्थी व पालकांसमोर केलेले भाषण)



आपल्या शाळेतील काही मुले आता हैदराबादच्या हुसेनसागरावर शिडाच्या होड्या चालवू लागली आहेत. त्यांचे पालक मला वारंवार एकच प्रश्न विचारतात : ‘वारा वाढला तर काय?’ या प्रश्नाचे उत्तर थोडे गणितात आहे, थोडे स्वभावात.

वयाच्या पंधराव्या वर्षापर्यंत मुले ज्या ‘ऑप्टिमिस्ट’ होडीवर शिकतात, ती जेमतेम पावणेआठ फूट लांब असते. तिच्या तळाशी जड धातूचा भार नसतो. वारा शीड एका बाजूला रेटतो आणि मूल दुसऱ्या बाजूला झुकून स्वतःच्या वजनाने तोल सावरते. वारा 10 नॉटवरून 20 नॉटवर गेला, की शिडावरील दाब दुप्पट नव्हे, चौपट होतो. मुलाचे वजन मात्र तेवढेच राहते. लहान होडीची मर्यादा ती हीच.

ही मर्यादा नेहमी वेळेवर जाणवतेच असे नाही. 15 नॉटच्या वाऱ्यासोबत होडी 5 नॉटने धावत असेल, तर अंगाला केवळ 10 नॉटचा वारा लागतो आणि सारे सौम्य वाटते. परतण्यासाठी होडी वळवताच तोच वारा समोरून येतो आणि त्याचे बळ सुमारे तिपटीने वाढते. म्हणून परतीचा निर्णय जाताना घ्यावयाचा असतो.

जाणत्या खलाशांनाही हा धडा महाग पडला आहे. ऑगस्ट 1979 मध्ये इंग्लंडहून आयर्लंडनजीकच्या फास्टनेट खडकाला वळसा घालणाऱ्या शर्यतीत 303 नौका निघाल्या. वादळात 15 स्पर्धक मृत्युमुखी पडले. सर्वांत लहान नौकांच्या गटातील एकच नौका शर्यत पूर्ण करू शकली. खलाशांनी 24 नौका सोडून दिल्या. त्यांपैकी 5 बुडाल्या, उरलेल्या तरंगत सापडल्या. काहींनी नौका सोडून तराफ्यांचा आसरा घेतला आणि त्या तराफ्यांनीच दगा दिला.

म्हणून आम्ही मुलांना तीन गोष्टी शिकवतो. पाण्यावर फेसाळ लाटा दिसू लागल्या, की किनारा गाठावा. अचानक झोत आला, तर शिडाची दोरी सैल सोडावी. होडी उलटलीच, तर तिला धरून राहावे. दुरून माणसाचे डोके दिसत नाही, होडी दिसते. जीवरक्षक जाकीट तर किनाऱ्यावरच अंगात चढलेले हवे.

पालकांना एकच विनंती आहे. शर्यत अर्धवट सोडून मूल परत आले, तर ‘घाबरलास का?’ असे विचारू नका. ‘वारा वाढतो आहे, हे कशावरून ओळखलेस?’ असे विचारा. पहिल्या प्रश्नाने ते पुढच्या वेळी परतणार नाही. दुसऱ्याने वारा वाचायला शिकेल.