सांधेदुखी, औषध आणि क्रूस

(ज्युबिलीनिमित्त भरलेल्या वृद्धजनांच्या मेळाव्यात केलेले भाषण)



ज्युबिलीच्या प्रसंगी गतकाळाचे गुणगान करावे अशी रीत आहे, आणि या पुस्तिकेत ते अन्यत्र झालेही आहे. परंतु ज्यांच्या कष्टांवर केदारखेड्याचा हा धर्मग्राम उभा राहिला त्यांचे गुडघे आज काय म्हणतात, हे विचारल्यावाचून ते गुणगान अपुरेच राहील. घरभेटीस गेलो असता आम्हांस जितके प्रश्न आत्म्याविषयी विचारले जातात, जवळजवळ तितकेच सांध्यांविषयी विचारले जातात. आम्ही वैद्य नव्हे. तथापि जाणत्या डॉक्टरांकडून जे समजून घेतले आहे ते, आणि ख्रिस्तसभेची जी शिकवण आहे ती, येथे क्रमाने सांगण्याचे योजिले आहे.

आरंभीच एक गोष्ट ध्यानात घ्यावी. संधिवात हे एका रोगाचे नाव नव्हे; शंभराहून अधिक निरनिराळे विकार या एका नावाखाली मोडतात. पुणे जिल्ह्यातील भिगवण या गावी १९९६ साली डॉ. अरविंद चोप्रा व त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या उपक्रमात घरोघर जाऊन पाहणी आरंभिली. चार हजारांहून अधिक प्रौढ स्त्रीपुरुषांस विचारले, तेव्हा शंभरांतील सुमारे अठरा जणांस सांध्यांचे अथवा स्नायूंचे दुखणे आढळले. मात्र बोटे सुजवून वाकडी करणारा जो आमवात, ज्यास डॉक्टर ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात, तो दोनशेंत एखाद्यासच होता. तात्पर्य, शेजारणीचे दुखणे ते आपले दुखणे नव्हे, आणि तिची गोळी ती आपली गोळी नव्हे.

पहिला प्रश्न असा की, आपले दुखणे कोणते हे ओळखावे कसे? वयोमानाने सांध्याची झीज होते, तीत चालताना, उकिडवे बसताना वा जिना चढताना गुडघा दुखतो व विश्रांतीने आराम वाटतो; सकाळचा ताठरपणा बहुधा अर्ध्या तासाच्या आत सुटतो. आमवाताची तऱ्हा उलट असते. दोन्ही हातांची बोटे व मनगटे सुजतात, सकाळी तास तास मूठ वळत नाही, आणि थोड्या हालचालीने उलट बरे वाटते. हा रोग पुरुषांपेक्षा स्त्रियांस अधिक होतो व पुष्कळदा ऐन संसाराच्या वयात गाठतो. येथे विलंब फार महाग पडतो. पहिल्या काही महिन्यांत योग्य औषध मिळाले तर बोटे वाचतात, एकदा वाकडी झालेली बोटे मात्र औषधाने सरळ होत नाहीत.

दोन प्रसंगी तर दिवसाचाही विलंब करू नये. एकच सांधा एकाएकी लाल, गरम व टम्म सुजला आणि सोबत ताप आला, तर त्यात पू झालेला असू शकतो. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. तसेच घसा दुखून गेल्यावर दोनतीन आठवड्यांनी लेकराचे सांधे एकामागून एक दुखू लागले, तर ते खेळण्याबागडण्याचे दुखणे समजू नये. त्या तापात सांधे बरे होतात, पण हृदयाच्या झडपा कायमच्या बिघडू शकतात. त्यावर पेनिसिलिनचे इंजेक्शन ठराविक मुदतीने, बहुधा दर तीन आठवड्यांनी, अनेक वर्षे घ्यावे लागते. मूल बरे दिसते म्हणून ते मध्येच सोडू नये.

दुसरा प्रश्न बाजारातील पुड्यांचा. "अमक्याची पुडी घेतली आणि तिसऱ्या दिवशी आई उठून पाण्याला गेली," असे आम्ही वारंवार ऐकतो. या चमत्काराचा इतिहास सांगण्याजोगा आहे. १९४८ च्या सप्टेंबरात अमेरिकेतील मेयो क्लिनिकमध्ये डॉ. फिलिप हेंच यांनी आमवाताने अंथरुणास खिळलेल्या एका स्त्रीस कॉर्टिझोन नावाचे द्रव्य टोचले. थोड्याच दिवसांत ती चालू लागली. १९५० साली हेंच व त्यांच्या दोघा सहसंशोधकांस नोबेल पारितोषिक मिळाले. परंतु लवकरच त्या द्रव्याची दुसरी बाजूही दिसून आली. तोंड सुजणे, रक्तदाब व साखर वाढणे, हाडे ठिसूळ होणे, डोळ्यांत मोतीबिंदू येणे, असे परिणाम दीर्घ सेवनाने होतात. याच जातीच्या औषधांस स्टेरॉइड म्हणतात. डॉक्टरांच्या हातात, मोजून मापून, ती उपकारक आहेत. परंतु जिच्यावर नाव नाही, प्रमाण नाही, अशा पुडीत तीच मिसळलेली असू शकतात. म्हणून तिसऱ्या दिवशी उठविणाऱ्या निनावी पुडीचे कौतुक करण्याऐवजी तिची शंका घ्यावी. मात्र जो अशी पुडी महिनोन्‌महिने घेत आहे त्याने ती एकदम बंद करू नये, त्यानेही जिवास अपाय होतो. पुडी बरोबर घेऊन डॉक्टरांकडे जावे व न लाजता दाखवावी.

तिसरा प्रश्न दुकानातून आणलेल्या वेदनाशामक गोळ्यांचा. त्यांनी दुखणे थांबते, रोग थांबत नाही. आणि नित्य सेवनाने जठरात व्रण पडतो व मूत्रपिंडास इजा होऊ शकते. रक्तदाब, मधुमेह वा मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी तर विशेष जपावे. आपल्या शिवारातील गिधाडे कोठे गेली, हे वडीलधाऱ्यांस ठाऊक आहे काय? डायक्लोफिनॅक नावाची हीच वेदनाशामक जात गुरांस टोचली जात असे. अशा मेलेल्या गुरांचे मांस खाऊन गिधाडांची मूत्रपिंडे निकामी झाली. म्हणून २००६ साली भारत सरकारने गुरांसाठी तिचा वापर बंद केला. माणसाचे शरीर गिधाडासारखे नव्हे हे खरे. तरी ही गोळी म्हणजे शेंगदाणा नव्हे, एवढा बोध त्यातून घ्यावा.

चौथा प्रश्न आमवाताच्या खऱ्या औषधाचा. मेथोट्रेक्सेट ही गोळी आज बहुतेकांस प्रथम दिली जाते. ती आठवड्यातून एकदाच घ्यावयाची असते. चुकून रोज घेतली तर प्राणावर बेतते. म्हणून आठवड्याचा एक वार ठरवून तो भिंतीवरील दिनदर्शिकेवर लिहून ठेवावा, आणि ज्यांस वाचता येत नाही त्यांच्यासाठी घरातील शाळकरी मुलाने ती जबाबदारी घ्यावी. ही गोळी चालू असता मद्य वर्ज्य करावे, रक्ततपासणी चुकवू नये; आणि मूल होण्याचा संभव असलेल्या स्त्रीने आधी डॉक्टरांस सांगावे, कारण गर्भास ती घातक आहे. गुण येण्यास कित्येक आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून सोडणे शहाणपणाचे नव्हे.

पाचवा प्रश्न पथ्याचा. चिंच, दही, लिंबू यांनी सांधे धरतात असा समज सर्वत्र आहे. परंतु सर्वच सांधेदुखीस आंबट वर्ज्य करावे यास भक्कम आधार नाही. गाउट नावाच्या विकारात मात्र मद्य आणि काळीज, गुर्दा यांसारखे मांस खरोखरच बाधते. गुडघ्याच्या झिजेत खरे पथ्य वजनाचे. स्थूल माणसाचे एक किलो वजन उतरले तर चालताना पावलागणिक गुडघ्यावरील भार सुमारे चार किलोंनी उतरतो, असे अभ्यासात मोजले गेले आहे.

सहावा प्रश्न: विश्रांती घ्यावी की काम करावे? सांधा सुजून तापला असता त्यास विसावा द्यावा. एरवी निजून राहणे हेच अपायकारक. मांडीचे स्नायू बळकट झाले की गुडघ्याचा भार तेच उचलतात. खाटेवर उताणे पडून, एक पाय दुमडून दुसरा सरळ पाय वीतभर उचलावा, पाच अंक मोजून खाली ठेवावा. असे दोन्ही पायांनी दहादहा वेळा रोज करावे. खुरपणीस व स्वयंपाकास उकिडवे बसण्याऐवजी ठेंगणे स्टूल घ्यावे. शौचास खुर्ची वापरण्यात कमीपणा नाही.

सातवा प्रश्न चिकुनगुन्याचा. १९७३ साली बार्शीस आणि २००६ साली आपल्या मराठवाड्यात त्याची साथ आली. हे नाव आफ्रिकेतील माकोंडे भाषेतले असून त्याचा आशय वाकवून टाकणारा असा आहे. त्यात ताप आठवड्यात जातो, सांधे मात्र महिनोन्‌महिने धरून राहतात. बहुतेकांस अखेर आराम पडतो. याचा डास साठविलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो व दिवसा चावतो. टंचाईमुळे आपण रांजण व पिंपे भरून ठेवतो. ती झाकावी आणि आठवड्यातून एकदा घासून कोरडी करावी.

शस्त्रक्रियेची भीती अनेकांस वाटते. सर्व उपाय थकले आणि रात्रीची झोपही दुखण्याने गेली, तर गुडघा बदलण्याचा सल्ला मिळतो. पोप दुसरे जॉन पॉल यांनी १९९४ साली पडून मांडीचे हाड मोडले असता खुब्याचा सांधा बदलून घेतला. खर्चाविषयी शासकीय योजनेतून काही मिळते काय, हे रुग्णालयातील आरोग्यमित्रास विचारावे.

आता तो प्रश्न, जो सहसा उघडपणे विचारला जात नाही. "फादर, हा माझा क्रूस आहे, मग औषध कशाला?" बंधूंनो, क्रूस आपण निवडीत नाही, पण जे टाळता येते ते न टाळणे म्हणजे क्रूस वाहणे नव्हे. बेन सिराच्या ग्रंथाच्या अडतिसाव्या अध्यायात वैद्याचा मान राखण्यास सांगितले आहे, कारण तो व त्याची औषधे ही देवाचीच देणगी आहे. पोप बारावे पायस यांनी २४ फेब्रुवारी १९५७ रोजी डॉक्टरांसमोर स्पष्ट केले की, वेदना शमविणारे औषध घेणे ख्रिस्ती माणसास निषिद्ध नाही. उपचार करूनही जे दुखणे उरते ते ख्रिस्ताच्या दुःखसहनाशी जोडावे. तो खरा क्रूस.

कित्येक वृद्ध मिस्साला येत नाहीत, कारण गुडघे टेकता येत नाहीत याची त्यांस लाज वाटते. ख्रिस्तसभेचा नियमच सांगतो की प्रकृती आड येत असेल तर गुडघे टेकू नयेत. अभिषेकाच्या वेळी लवून नमन करावे. पोप फ्रान्सिस हे २०२२ च्या मे महिन्यापासून गुडघ्याच्या दुखण्यामुळे चाकांच्या खुर्चीत बसून लोकांसमोर येत असत, व २०२५ साली निवर्तले तोवर त्यांनी ते लपविले नाही. तसेच औषध व पाणी यांनी ख्रिस्तप्रसादापूर्वीचा एक तासाचा उपवास मोडत नाही. वृद्ध, आजारी व त्यांची सेवा करणारे यांस तर तो तासही बंधनकारक नाही. साठावे वर्ष लागल्यावर उपवासकाळातील उपवासाचे बंधन राहत नाही. गोळी जेवणानंतरच घ्यावयाची असेल तर निःशंक जेवावे. आजाऱ्यांचा तैलाभ्यंग संस्कारही केवळ मरणोन्मुखांसाठी नाही. वार्धक्याने फार क्षीण झालेल्यांनी तो अवश्य मागावा.

तरुणांस आमची एक विनंती आहे. प्रत्येक वस्तीतील एकाने तरी आपल्या वस्तीतील वृद्धांस भोकरदनच्या ग्रामीण रुग्णालयात किंवा जालन्यास सोबत न्यावे, डॉक्टर काय म्हणतात ते नीट ऐकावे व घरी समजावून सांगावे. पुष्कळांचा उपचार पैशावाचून नव्हे, सोबतीवाचून अडतो.

लूकच्या शुभवर्तमानात तेराव्या अध्यायात अठरा वर्षे कंबरेत वाकलेली एक स्त्री आहे. प्रभूने तिला बरे केले हे आपण सांगतो. परंतु ती त्यास भेटली ती सभास्थानात, हे विसरतो. म्हणजे वाकलेल्या देहानेही ती प्रार्थनेस येत होती, आणि तेथे तिला जागा होती. आपल्या मंदिरातही वाकलेल्यांस, काठीवाल्यांस व खुर्चीवाल्यांस पुढची जागा असो. आणि ज्यांचे पाय आता चालत नाहीत त्यांच्या घरी ख्रिस्तप्रसाद पोहोचत राहो. प्रभू येशू तुम्हा सर्वांस आरोग्य देवो, आणि पवित्र मरिया आपल्या दुखण्यात आपल्याजवळ राहो. आमेन.