जोहार

‘जोहार’ म्हणजे नमस्कार, पण खालून वर जाणारा. मराठी मुलखात हा शब्द विशेषतः महार समाजाच्या तोंडी होता. गावच्या वेशीची राखण करणारा वेसकर पाटलाच्या वाड्यासमोर अंतर राखून उभा राही, कमरेत वाकून जोहार घाली आणि मगच गावकीचे काम सांगे.

राजस्थानातल्या अग्निप्रवेशाच्या जौहराशी या शब्दाचा संबंध नाही. ‘जोहार’चे मूळ सामान्यतः ‘जयकार’ या शब्दात शोधतात. प्राकृतात त्याचा ‘जोक्कार’ झाला, हिंदीत ‘जुहार’ आणि मराठीत ‘जोहार’. ‘योद्धा’पासून व्युत्पत्ती लावण्याचाही प्रयत्न झाला आहे. महारांच्या लष्करी परंपरेला ती शोभते खरी, पण ‘युध्’ धातूपासून मराठीला ‘झुंजार’ मिळाला, जोहार नव्हे.

सोळाव्या शतकात पैठणच्या एकनाथांनी या अभिवादनालाच भारुडाचे रूप दिले. त्यांच्या जोहारांत देह हे गाव होते आणि महार त्या गावच्या धन्यालाच हिशेबाची आठवण करून देतो. दाराबाहेर उभ्या असलेल्या माणसाला एवढा अधिकार व्यवहारात मात्र कधी मिळाला नाही. कोणी कोणते अभिवादन करावे, हे जातच ठरवी. 1779 साली मुंबईत सोनारांनी ‘नमस्कार’ म्हणू नये, असा हुकूम कंपनी सरकारने पेशव्यांच्या आग्रहावरून काढला होता.

विसाव्या शतकात या चालीला उघड नकार मिळाला. नागपूरजवळच्या कामठीचे बाबू हरदास (1904–1939) यांनी जोहार सोडून, भीमराव आंबेडकरांच्या नावाने ‘जय भीम’ म्हणण्याचा प्रघात पाडला. पहिल्याने ‘जय भीम’ म्हणावे, दुसऱ्याने ‘बल भीम’ असे उत्तर द्यावे, अशी त्यांची मूळ कल्पना असल्याचे सांगतात. लोकांनी ती सोपी केली. आता दोन्ही बाजूंनी एकच शब्द येतो, आणि त्यामुळे धनी-चाकर हा भेदच उरत नाही. 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात आंबेडकरांची धम्मदीक्षा झाली, तोवर हे अभिवादन रुळलेले होते.

जोहार मात्र संपलेला नाही. छत्तीसगड-झारखंडात तो आदिवासींचा रोजचा नमस्कार आहे. नागपूरच्या आग्नेयेला, गडचिरोलीकडे, गोंड माणसे एकमेकांना ‘सेवा जोहार’ म्हणतात. तिथे जोहार घालताना कोणी कमरेत वाकत नाही.