मेरिडनचा कारखाना आणि तारापूरचा कामगार

(बोईसर येथे कामगार कार्यकर्त्यांच्या अभ्यासवर्गात झालेले व्याख्यान)



तारापूर औद्योगिक वसाहतीत पाळी सुटली की बोईसरच्या रस्त्यावर मोटारसायकलींची रीघ लागते. आज 'ट्रायम्फ' हे जुने ब्रिटिश नाव धारण करणारी मोटारसायकल पुणे जिल्ह्यातील चाकणला तयार होते. बजाज कंपनीने २०२० साली ट्रायम्फशी करार केला आणि २०२३ मध्ये या गाड्या बाजारात आल्या. या नावाच्या इतिहासातील एक प्रकरण मात्र कामगार चळवळीने मुद्दाम अभ्यासावे असे आहे.

जर्मनीतून इंग्लंडात आलेल्या झीगफ्रीड बेटमान या व्यापाऱ्याने कॉव्हेंट्रीत आधी सायकली काढल्या आणि १९०२ मध्ये पहिली मोटारसायकल. १९४० च्या बाँबवर्षावात तेथील कारखाना उद्ध्वस्त झाला. युद्धकाळातच जवळच्या मेरिडन येथे नवा उभा राहिला. १९५१ मध्ये ट्रायम्फ बीएसए समूहाच्या मालकीची झाली. १९५९ च्या 'बॉनव्हिल' गाडीने अमेरिकेत नाव कमावले. परंतु भरभराटीच्या काळात मिळालेला नफा नव्या यंत्रसामग्रीत आणि नव्या आराखड्यांत पुरेसा गुंतविला गेला नाही. १९६९ मध्ये होंडाची चार सिलिंडरची, बटण दाबताच सुरू होणारी गाडी आली, तेव्हा बॉनव्हिल लाथ मारूनच सुरू करावी लागत होती. चूक व्यवस्थापनाची होती. तिची किंमत मोजण्याची पाळी कामगारांवर आली.

१९७३ मध्ये बीएसए कोसळली. सरकारी मदतीने 'नॉर्टन व्हिलियर्स ट्रायम्फ' ही नवी कंपनी उभी राहिली आणि सप्टेंबरात तिने मेरिडनचा कारखाना बंद करण्याचे जाहीर केले. सुमारे १,७५० कामगारांच्या पोटाचा प्रश्न होता. त्यांनी कारखान्याचा ताबा घेतला आणि तयार गाड्या बाहेर जाऊ दिल्या नाहीत. १९७४ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला. उद्योगमंत्री टोनी बेन यांच्या पाठिंब्याने मार्च १९७५ मध्ये कामगारांची सहकारी संस्था स्थापन झाली. सरकारने कर्ज व अनुदान मिळून सुमारे ५० लाख पौंड दिले. झाडूवाल्यापासून कुशल कारागिरापर्यंत सर्वांना आरंभी समान वेतन होते.

हा प्रयोग १९८३ मध्ये संपला. कामगारांना कारखाना चालविता येत नाही, असा निष्कर्ष काढणारे तेव्हाही होते, आजही आहेत. वस्तुस्थिती काय होती? विक्रीचे हक्क १९७७ पर्यंत जुन्या कंपनीच्याच हाती होते. नवे इंजिन घडविण्याइतके भांडवल कधीच मिळाले नाही. जुन्या आराखड्यावर, कर्जाच्या ओझ्याखाली त्यांनी आठ वर्षे गाड्या बनविल्या. समान वेतनामुळे अनुभवी व्यवस्थापक व तंत्रज्ञ टिकविणे कठीण झाले, हेही प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. पुढे जॉन ब्लोर या घरबांधणी व्यावसायिकाने ट्रायम्फचे नाव विकत घेतले आणि हिंकली येथे नवा कारखाना काढला. मेरिडनच्या जागेवर घरे उठली. कामगार पांगले, नाव तेवढे उरले, आणि नावाला किंमत आली.

महाराष्ट्राला हा अनुभव परका नाही. कुर्ल्याची बंद पडलेली कमानी ट्यूब्स १९८८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या संमतीने कामगारांच्या सहकारी संस्थेकडे आली. तेथेही कारखान्याचे दार उघडले. पण खेळत्या भांडवलाची चणचण सुटली नाही.

तारापूरच्या कामगाराने यातून काय घ्यावे? कारखाना आजारी पडतो तो टाळे लागण्याच्या कितीतरी आधी. यंत्रे जुनी होतात, घसाऱ्याची रक्कम दुसरीकडे वळते, नवे उत्पादन येत नाही. ही लक्षणे यंत्रावर उभ्या असलेल्या माणसाला सर्वांत आधी दिसतात. पण त्याला विचारतो कोण? कंत्राटी कामगाराला तर उद्या पाळी मिळेल की नाही, हेच ठाऊक नसते. म्हणून युनियनने बोनसच्या मागणीबरोबर ताळेबंद वाचावयास शिकले पाहिजे, आणि गुंतवणुकीच्या निर्णयात कामगारांचा वाटा मागितला पाहिजे. मेरिडनच्या कामगारांच्या हाती कारखाना आला तो त्यातील जीव गेल्यावर. येथे ती वेळ येईपर्यंत थांबून चालणार नाही.