शांत डबा आणि भाषासमिती

(सुवर्णमहोत्सवानिमित्त योजलेल्या व्याख्यानमालेतील एका व्याख्यानाचा पाठ)



सुवर्णमहोत्सवाच्या मंगल प्रसंगी रेल्वेच्या डब्यातील गोंगाट हा व्याख्यानाचा विषय व्हावा, याचे काहींना नवल वाटेल. स्वाध्याय, दानधर्म, तीर्थरक्षा हे अशा प्रसंगीचे रूढ विषय होत. परंतु मंदिरात पाळलेला संयम मंदिराच्या पायऱ्या उतरल्यावर कितपत टिकतो, याची परीक्षा ज्या ठिकाणी होते त्यांपैकी रेल्वेचा डबा हे एक ठिकाण आहे. सत्तर-ऐंशी अनोळखी माणसे तेथे रात्रभर एकमेकांच्या आवाजाच्या टप्प्यात राहतात. डोळे मिटता येतात. कानांना मात्र निसर्गाने पापणी दिलेली नाही. म्हणून एकाच्या बोलण्याचे ओझे दुसऱ्याला त्याच्या संमतीवाचून वाहावे लागते.

या ओझ्याची जाणीव पाश्चात्त्य देशांत मोबाइल फोनच्या प्रसाराबरोबर तीव्र झाली. अमेरिकेत फिलाडेल्फियाहून वॉशिंग्टनला पहाटेच्या गाडीने नित्य जाणाऱ्या काही प्रवाशांनी गाडीतील एक डबा फोनमुक्त ठेवावा अशी विनंती केली. २००० सालच्या सुमारास ‘ॲमट्रॅक’ या रेल्वे कंपनीने ती मान्य केली आणि ‘क्वाएट कार’, म्हणजे शांत डबा, अस्तित्वात आला. पुढे बोस्टन ते वॉशिंग्टन या मार्गावरील गाड्यांत ही प्रथा पसरली. या डब्यात फोनवर बोलायचे नाही, यंत्रांचे आवाज बंद ठेवायचे, इअरफोनमधील संगीतही शेजाऱ्याला ऐकू जाऊ द्यायचे नाही आणि बोलणे अपरिहार्य झाले तर ते थोडके व हळू आवाजात करायचे, असे साधे नियम आहेत. वातावरण ग्रंथालयासारखे असावे, ही अपेक्षा. हा नियम वरून लादला गेला नव्हता. रोजच्या प्रवाशांनीच तो मागून घेतला होता, ही गोष्ट विशेष लक्षात घेण्याजोगी आहे.

जर्मनीतील वेगवान गाड्यांत शांततेचा विभाग वेगळा व फोनचा विभाग वेगळा अशी व्यवस्था आढळते. जपानमध्ये तर प्रवाशांनी फोनची घंटी बंद ठेवावी आणि शिंकान्सेन गाडीत बोलायचे झाल्यास डब्यांच्या जोडाजवळील मोकळ्या जागेत जावे, असा शिष्टाचारच रूढ आहे. तेथील सान्यो मार्गावरील ‘हिकारी रेल स्टार’ या गाडीत २००० पासून २०११ पर्यंत एक ‘सायलेन्स कार’ होती. त्या डब्यात स्थानकांच्या उद्घोषणाही केल्या जात नसत. प्रवाशांकडून शांततेची अपेक्षा करताना रेल्वेने स्वतःलाही तोच नियम लावून घेतला, हे आचरण कोणत्याही धर्मोपदेशकाला मान्य होईल असे आहे.

मात्र पाटी लावल्याने शांतता नांदते, असा समज कोणी करून घेऊ नये. मे २०१५ मध्ये न्यू जर्सी राज्याचे तत्कालीन राज्यपाल ख्रिस ख्रिस्ती हे अशाच एका शांत डब्यात फोनवर बोलत असल्यावरून सहप्रवासी नाराज झाले आणि ते दुसऱ्या डब्यात गेले. ते अनवधानाने त्या डब्यात बसले होते व चूक ध्यानी येताच तेथून उठले, असे त्यांच्या वतीने सांगण्यात आले. या घटनेतून दोन बोध मिळतात. नियमापुढे पद चालत नाही, हा पहिला. बहुतेक गोंगाट दुष्टपणातून उपजत नसून बेसावधपणातून उपजतो, हा दुसरा. आणि तो अधिक महत्त्वाचा आहे. जैन परिभाषेत यालाच ‘प्रमाद’ म्हणतात.

हा प्रमाद कसा वाढत जातो, याची उकल विज्ञानाने केली आहे. एतिएन लोंबार या फ्रेंच वैद्याने १९११ मध्ये असे दाखवून दिले की, भोवती कलकलाट असला की मनुष्याचा आवाज नकळत चढतो. एक जण मोठ्याने बोलतो म्हणून दुसरा त्याहून मोठ्याने बोलतो आणि तिसरा आपल्या फोनचा आवाज वाढवतो. पाहता पाहता सारा डबा ओरडू लागतो आणि कोणालाच आपण ओरडत आहोत असे वाटत नाही. फोनवरील बोलणे समोरासमोरच्या संवादापेक्षा अधिक त्रासदायक का वाटते, याचाही उलगडा अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठाच्या संशोधकांनी २०१० मध्ये केला. दोघांचा संवाद कानावर पडला तर मन त्याचा ओघ ओळखते आणि बाजूला होते. अर्धाच संवाद ऐकू आला तर पुढे काय येणार याचा अंदाज बांधण्यात मन नाइलाजाने गुंतून पडते. शेजाऱ्याच्या वाचनाचा, जपाचा अथवा झोपेचा भंग होतो तो असा.

आता जिनशासनाकडे वळावे. ‘तत्त्वार्थसूत्रा’त पाच समित्या सांगितल्या आहेत: ईर्या, भाषा, एषणा, आदाननिक्षेपण आणि उत्सर्ग. चालताना पायाखालच्या जीवाची जशी काळजी, तशीच बोलताना समोरच्या जीवाची काळजी, हा भाषासमितीचा आशय होय. बोलणे हितकारक, मोजके आणि प्रिय असावे. वचनगुप्ती त्याही पुढची पायरी. तेथे वाणीच आवरायची असते. समिती-गुप्तींचे पूर्ण पालन मुनींना विहित आहे, हे खरे. परंतु श्रावकासाठी सांगितलेल्या अनर्थदंडविरती या व्रताच्या अतिचारांत ‘मौखर्य’ नावाचा एक अतिचार स्पष्टपणे मोजला आहे. मौखर्य म्हणजे निष्कारण, अघळपघळ बडबड. ज्या कृतीचे कोणतेही प्रयोजन नाही आणि तरीही जिच्यामुळे दुसऱ्याला पीडा होते, ती अनर्थदंडात जमा होते. मोबाइलच्या स्पीकरवर लावलेले गाणे लावणाऱ्याला इअरफोनमधूनही तितकेच ऐकू आले असते. मग उरलेल्या डब्याला ते ऐकवण्याचे प्रयोजन कोणते? काहीच नाही. अनर्थदंडाचे याहून नेमके आधुनिक उदाहरण सापडणे कठीण.

भगवान महावीरांनी साधनेची बारा वर्षे बहुतांशी मौनात घालविली. केवलज्ञान झाल्यावरही सहासष्ट दिवस दिव्यध्वनी प्रकट झाला नाही. इंद्रभूती गौतमांच्या रूपाने योग्य श्रोता लाभल्यावरच तो प्रकट झाला, असे दिगंबर परंपरा सांगते. सर्वज्ञाची वाणीही श्रोत्याची वाट पाहत थांबली होती. सामान्य माणसाने अनिच्छुक श्रोत्याच्या कानात आपला आवाज ओतावा काय, हा प्रश्न येथे आपोआप उभा राहतो.

हा प्रश्न समाजाच्या दाराशी येतो तो तीर्थयात्रेच्या निमित्ताने. कोल्हापूर-सांगलीकडून सम्मेदशिखरजीला निघालेल्या संघाला पारसनाथ स्थानक गाठेपर्यंत गाडीत रात्री काढाव्या लागतात. वीस तीर्थंकरांच्या निर्वाणभूमीचे दर्शन होणार, म्हणून सर्वांच्या मनात उल्हास असतो. सूर्यास्तापूर्वी भोजन उरकायचे असल्याने साडेपाचलाच “चला, डबे उघडा” अशी हाक या टोकापासून त्या टोकापर्यंत जाते. जेवणानंतर भेंड्या रंगतात. संघपती यात्रेकरूंची मोजदाद करतात तीही मोठ्या आवाजात. दहा वाजले तरी कोणाचे बर्थ कोणते, याचा वाद मिटलेला नसतो. आणि पहाटे चारला कोणाच्या तरी फोनवर स्तवन सुरू होते. या साऱ्यात कोणाचाही हेतू वाईट नसतो.

परंतु त्याच डब्यात वरच्या बर्थवर मुंबईहून उपचार घेऊन गावी परतणारा एखादा रुग्ण असू शकतो. रात्रपाळी संपवून बसलेला कामगार असू शकतो. सकाळी परीक्षा असलेला विद्यार्थी असू शकतो. त्यांची झोप मोडते. “भगवंताचे नाव कानी पडले, त्यात वावगे काय?” असे समर्थन यावर केले जाते. हे समर्थन टिकणारे नाही. स्तवन ही आत्म्याच्या निर्मलतेसाठी केलेली भक्ती होय, आणि दुसऱ्या जीवाला क्लेश देऊन निर्मलता साधत नाही. शिवाय झोपमोड झालेल्या त्या प्रवाशाच्या मनात जिननामाविषयी आदर वाढतो की उद्वेग, याचाही विचार व्हावा. धर्माची प्रभावना ज्या आचरणाने घटते, त्याला प्रभावना म्हणता येणार नाही.

याचा अर्थ प्रवास मुका असावा असा नव्हे. या देशातील रेल्वेप्रवासाला स्वतःची एक गोडी आहे. अनोळखी माणसे शिदोरी वाटून घेतात, गावाची चौकशी करतात, दहा तासांत नाती जुळतात. हा स्नेह टिकलाच पाहिजे. दिवसा गप्पा, रात्री विश्रांती, एवढी मर्यादा पुरेशी आहे. आणि शासनाची अपेक्षाही याहून निराळी नाही. ध्वनिप्रदूषणविषयक २००० च्या नियमांनी रात्री दहा ते सकाळी सहा हा काळ रात्र म्हणून धरला असून, निवासी भागात त्या वेळी ४५ डेसिबलची मर्यादा घातली आहे. नेहमीचे संभाषण सुमारे ६० डेसिबलचे असते, यावरून रात्रीच्या नीरवतेचे मोल कळावे. रेल्वे मंत्रालयाने जानेवारी २०२२ मध्ये रात्री दहानंतर मोठ्याने बोलणे आणि इअरफोनशिवाय गाणी लावणे यांस आळा घालण्याच्या व रात्रीचा दिवा सोडून इतर दिवे मालविण्याच्या सूचना दिल्या. समूहाने प्रवास करणाऱ्यांनी दहानंतर गप्पा मारत बसू नये, हेही त्यात आले.

आता दुसरी बाजू. गोंगाट करणाऱ्याला कसे सांगावे? शांततेचा आग्रह धरणारा मनुष्य पुष्कळदा गोंगाट करणाऱ्याहून अधिक मोठ्याने खेकसतो. फोनवरील बोलणे दोन मिनिटांत संपले असते. त्यावरून पेटलेले भांडण अर्धा तास चालते आणि निजलेले लेकरूही जागे होते. येथे भाषासमितीची खरी कसोटी आहे. “दादा, आई नुकत्याच झोपल्या आहेत, आवाज थोडा कमी करता का?” किंवा “ताई, पहाटे उतरायचे आहे, जरा हळू बोलाल का?” एवढे हसतमुखाने म्हटले तर दहांतील बरीच माणसे ओशाळून आवाज कमी करतात. जो ऐकत नाही त्याच्याशी वाद न घालता तिकीट तपासनीसाला सांगावे, अथवा रेल्वेच्या १३९ क्रमांकावर तक्रार नोंदवावी. उपद्रव करणाऱ्या प्रवाशाला रेल्वे कायदा, १९८९ च्या कलम १४५ अन्वये गाडीतून उतरविण्याची व शिक्षेचीही तरतूद आहे. तक्रार करणे म्हणजे वैर धरणे नव्हे. राग न ठेवता ती करता येते.

सुवर्णमहोत्सवी वर्षाचा संकल्प म्हणून प्रत्येक यात्रासंघाला काही गोष्टी सहज करता येतील. निघण्यापूर्वी यात्रेकरूंना भोजन, औषधे व सामान यांच्या सूचना दिल्या जातात. त्यांत वाणीच्या संयमाची एक सूचना घालावी. बर्थची वाटणी गाडीत न करता घरून निघतानाच लेखी करावी. मोजदाद नावे पुकारून न करता गटप्रमुखांनी फिरून करावी. सायंकाळच्या भोजनाची हाक देण्याऐवजी एकाने प्रत्येकाजवळ जाऊन सांगावे. पहाटेचा जप मनात करावा. मानसजपाला शास्त्राने उणे मानलेले नाही. आणि प्रवासात रोज एक सामायिक, म्हणजे अठ्ठेचाळीस मिनिटे, सर्वांनी मौनात बसावे. ज्या डब्यात चाळीस माणसे एकाच वेळी शांत बसतात, तो डबा पाटी नसतानाही शांत डबा होतो, आणि लोंबारच्या सिद्धांतानुसार उरलेल्यांचा आवाजही आपोआप खाली येतो.

शेवटी एका गोष्टीचे स्मरण करून देणे उचित ठरेल. पर्युषण पर्वाच्या समाप्तीनंतर क्षमावणीच्या दिवशी श्रावक सर्व जीवांची क्षमा मागतो. घरच्यांची, शेजाऱ्यांची, व्यापारातील सोबत्यांची क्षमा समक्ष मागता येते. परंतु ज्याची झोप मोडली तो वरच्या बर्थवरचा प्रवासी पहाटे कुठल्याशा स्थानकावर पिशवी घेऊन उतरून गेलेला असतो. त्याचे नाव माहीत नाही, गाव माहीत नाही. त्याच्या दारी जाऊन हात जोडण्याची सोय नाही. ज्याच्याकडे क्षमा मागायला पुन्हा जाता येणार नाही, त्याच्याशी वागताना क्षमा मागण्याची वेळच येऊ न देणे, हाच एक मार्ग उरतो. शिखरजीची वाट डोंगराच्या पायथ्याशी सुरू होत नाही. ती गाडीच्या डब्यातच सुरू झालेली असते.

जय जिनेंद्र.