अटकेची बातमी आणि निकालाची बातमी



२१ नोव्हेंबर २००३. रमजानचा महिना आणि शुक्रवार. आपल्या परभणीतल्या मोहम्मदिया मशिदीत त्या दिवशी बॉम्बस्फोट झाला. पुढच्याच वर्षी, २७ ऑगस्टला, पुन्हा शुक्रवारीच, आपल्या जिल्ह्यातल्या पूर्णेत आणि तिकडे जालन्यात तसेच घडले. मी तेव्हा तिशी ओलांडलेला, नुकता कविता छापून येऊ लागलेला माणूस. हे आधी सांगतो, कारण आजचा विषय मी लांबून पाहिलेला नाही.

विषय असा, की राजकारणाचा रंग चढलेल्या खटल्यांत निकाल आधी कुठे लागतो? कोर्टात, की चहाच्या हॉटेलात पसरलेल्या वर्तमानपत्रात?

२०२५ च्या जुलैत दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल आले. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल गाड्यांतील स्फोटांच्या खटल्यातील सर्व बारा जणांची शिक्षा रद्द केली. त्यांतल्या पाच जणांना २०१५ मध्ये फाशी सुनावली गेली होती; पाचांतला एक जण निकाल ऐकायला जिवंत नव्हता. मग ३१ जुलैला विशेष न्यायालयाने २९ सप्टेंबर २००८ च्या मालेगाव स्फोटातील सातही आरोपींना निर्दोष सोडले. एकीकडे १८९ बळी, दुसरीकडे सहा. दोन्हीकडे न्यायालयाने म्हटले ते एकच : पुरावा पुरेसा नाही.

माझे एक मित्र आहेत, निवृत्त शिक्षक. आम्ही त्यांना गुरुजी म्हणतो, ते मला शायर म्हणतात. २१ तारखेला मी खुशीत होतो, ते गप्प होते. ३१ तारखेला संध्याकाळी ते पेढे घेऊन आले.

"काय शायर, आता तरी मानता का कोर्टाला?"

मी म्हणालो, "गुरुजी, २१ तारखेचं तुम्ही मानलं का?"

ते म्हणाले, "ती सुटका तांत्रिक होती."

मी म्हणालो, "आणि ही?"

दोघेही हसलो, पण ते हसू काही खरे नव्हते. पेढा मी खाल्ला. घरी आल्यावर मात्र माझी जुनी वही काढली.

त्या वहीत २००८ च्या हिवाळ्यात लिहिलेली एक कविता आहे. मालेगाव प्रकरणी अटका सुरू झाल्या होत्या, रोज पहिल्या पानावर फोटो येत होते. दोन वर्षे 'तुमचे लोक' हे शब्द ऐकून कान किटले होते. मी त्या फोटोंवरून कविता लिहिली. तीत आरोपी नव्हते, गुन्हेगारच होते. ती मी एका कविसंमेलनात वाचली आणि टाळ्या घेतल्या. तेव्हा आरोपपत्रही दाखल झालेले नव्हते.

वर्तमानपत्रांना मी नावे ठेवतो, ती ठेवायलाच हवीत. 'सूत्रधार सापडला' असा मथळा लिहिणाऱ्याला 'कथित' हा तीन अक्षरी शब्द जड होतो. पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आपल्या कायद्यात सहसा पुरावा धरला जात नाही. मोक्का कायद्यात वरिष्ठ अधिकाऱ्यापुढचा धरता येतो. पण लोकल स्फोटांच्या खटल्यात उच्च न्यायालयाने तेही जबाब विश्वासार्ह मानले नाहीत. वाचकाला हे कोण सांगतो? त्याने 'गुन्ह्याची कबुली' हे दोन शब्द वाचलेले असतात आणि एकोणीस वर्षांनीही तेवढेच त्याच्या लक्षात असतात. विधी आयोगाने २००६ साली माध्यमांतल्या खटल्यांवर आख्खा अहवाल दिला. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तपास चालू असताना असे कबुलीजबाब दाखवण्याबद्दल वाहिन्यांचे कान टोचले. कान टोचून किती दिवस टिकले, ते आपण रोज रात्री नऊ वाजता पाहतोच.

मालेगावच्याच ८ सप्टेंबर २००६ च्या स्फोटांत आधी नऊ मुस्लिम तरुण पकडले गेले. २०११ मध्ये त्यांना जामीन मिळाला, २०१६ मध्ये विशेष न्यायालयाने आरोपमुक्त केले. तेव्हा मी म्हणालो होतो, बघा, अटक म्हणजे गुन्हा नव्हे. हे वाक्य २००८ च्या कवितेच्या वेळी मला सुचले नव्हते. खरे सांगायचे तर २०१६ मध्ये सुचले तेव्हाही ती कविता आठवली नाही.

आता कोणी विचारेल, मग सातही जण निष्पाप आहेत असे तुम्ही मानता का? मला ते ठाऊक नाही. पुराव्याने सिद्ध झाले नाही, एवढेच मी जाणतो. आणि तेवढेच त्या बारा जणांबद्दल गुरुजींनी म्हणावे, अशी माझी अपेक्षा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २४ जुलैला त्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत घेऊ नये असे सांगितले, सुटलेल्यांना परत तुरुंगात मात्र धाडले नाही. पुढचे न्यायालय पाहील.

पण एक गोष्ट आम्हा दोघांच्या भांडणात राहूनच जाते. भिक्खू चौकात बॉम्ब कोणी ठेवला? लोकलच्या डब्यांत कोणी ठेवला? मालेगावच्या निकालात मृतांच्या वारसांना दोन लाख आणि जखमींना पन्नास हजार रुपये देण्याचा आदेश आहे. ती बातमी मला आतल्या पानावर, चार ओळींत सापडली. त्या घरांतल्या कुणाचे नाव मला पाठ नाही. आरोपींची मात्र बरीच आहेत.

कविता मी फाडलेली नाही. फाडली तर मी ती लिहिलीच नव्हती असे होईल. तिच्या खाली ३१ जुलै २०२५ ही तारीख टाकली आणि निकाल लिहिला. पुढच्या आठवड्यात गुरुजींना घरी बोलावले आहे. त्यांना ती वाचून दाखवणार आहे, खालच्या ओळीसकट.