राज्य बदलते, गाव राहते



८ मार्च १९४८ या दिवशी भोर संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले. शंकराजी नारायण सचिवांपासून सुमारे अडीचशे वर्षे चालत आलेली राजवट त्या दिवशी संपली. राजे रघुनाथराव पंतसचिव हे तिचे अखेरचे अधिपती ठरले. इतिहासाच्या पुस्तकात या घटनेला एखादी ओळ मिळते आणि सरदार पटेलांच्या एकीकरणाच्या महान कार्यातील एक लहानसा दुवा म्हणून तिची नोंद होते. ती नोंद योग्यच आहे. परंतु दिल्लीत आणि मुंबईत ज्याला विलीनीकरण म्हणतात, त्याचा अर्थ गावच्या चावडीवर काय होतो, हा प्रश्न सहसा विचारला जात नाही. सारा कोणाच्या खजिन्यात भरायचा? वाटणीचा दावा कोणत्या न्यायालयात चालणार? शाळेच्या मास्तरांचा पगार कोण देणार? वरची सत्ता बदलते तेव्हा हे प्रश्न खाली, सर्वांत शेवटच्या पायरीवर येऊन थांबतात. त्यांची उत्तरे ज्यांना द्यावी लागतात, त्या स्थानिक संस्थांच्या तयारीचा विचार आज करावयाचा आहे.

सत्तांतरे पाहिलेला मुलूख

भोर आणि वेल्हे या मुलखाला सत्तांतर नवे नाही. राजगडाने हिंदवी स्वराज्याची पहिली राजधानी होण्याचा मान मिळवला आणि पुढे ती राजधानी रायगडी गेलेलीही पाहिली. तोरणा, म्हणजेच प्रचंडगड, १७०४ मध्ये औरंगजेबाच्या हाती पडला. छत्रपती राजाराम महाराज जिंजीस असताना मावळ सांभाळणारे शंकराजी नारायण हे १७०७ मध्ये शाहू महाराज परतल्यावर विलक्षण पेचात सापडले. ताराराणींना दिलेली शपथ एकीकडे आणि धन्याच्या घरचा थोरला वारस दुसरीकडे, अशा स्थितीत त्यांनी देहत्याग केला. भोरजवळ अंबवडे येथे त्यांची समाधी आहे. १८१८ मध्ये पेशवाई गेली आणि इंग्रजांची सत्ता आली.

एवढ्या उलथापालथीत गावगाडा चालत राहिला, त्याचे कारण काय? त्या काळी गावाचा आणि परगण्याचा कारभार गोतसभेत चाले. देशमुख, पाटील, कुलकर्णी, बलुतेदार एकत्र बसत, वाद ऐकत आणि निवाड्याचा महजर लिहून देत. किल्ल्यावरचे निशाण बदलले तरी महजराची किंमत उणावत नसे. या व्यवस्थेचे फाजील उदात्तीकरण मात्र नको. वतन जन्माने मिळे, स्त्रियांना त्या सभेत स्थान नव्हते आणि गावकुसाबाहेरच्या समाजाचा आवाज तेथे क्वचितच पोहोचे. तरीही एक गोष्ट त्या व्यवस्थेने सिद्ध केली. निर्णयाची जागा गावात असेल आणि निर्णयाचा कागद जपलेला असेल, तर राज्य बदलूनही समाज कोलमडत नाही.

१९४८ : काय टिकले, काय हरवले

१५ ऑगस्ट १९४७ रोजी संस्थानांवरील ब्रिटिशांचे सार्वभौमत्व संपले. दक्षिणेतील काही संस्थानिकांनी एकत्र येऊन संयुक्त दक्षिणी राज्य उभारण्याचा घाट घातला होता आणि त्यात भोरही सहभागी होते. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींची हत्या झाली. त्यानंतर दक्षिण महाराष्ट्रात जी जाळपोळ उसळली, तिने लहान संस्थानांच्या प्रशासनाची दुर्बलता उघडी पाडली. संघराज्याचा तो प्रयत्न मागे पडला आणि काही आठवड्यांत विलीनीकरण पार पडले. म्हणजे तयारीला मिळालेला अवधी वर्षांचा नव्हता, आठवड्यांचा होता.

भोर संस्थानात विचित्रगड, प्रचंडगड, राजगड, पवन मावळ आणि सुधागड असे पाच तालुके होते. गडांच्या नावांनी ओळखला जाणारा हा मुलूख विलीनीकरणानंतर विभागला गेला. पालीसह सुधागड कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड, जिल्ह्यात गेला, तर भोर-वेल्ह्याचा भाग पुणे जिल्ह्यात आला. संस्थानचे कायदे, कर, न्यायालये, पोलीस, शाळा या सर्वांना एकेक करून प्रांताच्या चौकटीत बसवावे लागले. परगणा व कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने गेली. विलीन मुलखातील जहागिऱ्या १९५३ च्या कायद्याने संपल्या. मुलकी पाटलांचे वंशपरंपरागत पद १९६२ च्या कायद्याने रद्द झाले. ज्या हातांना गावचे दप्तर ठाऊक होते, ते हात पंधरा वर्षांत बदलले आणि त्यांच्या जागी वेतनावरचा तलाठी आला.

या बदलात लाभ निःसंशय मोठा होता. प्रजा नागरिक झाली, मताचा अधिकार मिळाला. पण तोटाही झाला आणि तो सांगितला पाहिजे. पूर्वी वेल्ह्याच्या डोंगरातला शेतकरी अर्ज घेऊन भोरच्या राजवाड्यापर्यंत चालत येत असे. आता वरच्या निर्णयाची जागा पुण्यात आणि मुंबईत गेली. सत्ता लोकांची झाली आणि त्याच वेळी लोकांपासून दूरही गेली. हे अंतर भरून काढणारी जिल्हा परिषद आणि पंचायत समिती ही व्यवस्था महाराष्ट्रात १ मे १९६२ रोजी अस्तित्वात आली. मधली चौदा वर्षे तो दुवा दुबळाच होता.

शेजारच्या औंध संस्थानाचे उदाहरण याहून बोलके आहे. तेथे १९३९ मध्ये स्वराज्याची राज्यघटना लागू झाली आणि निवडून आलेल्या ग्रामपंचायतींकडे खरा कारभार सोपवण्यात आला. देशभर कौतुक झालेला तो प्रयोग १९४८ च्या विलीनीकरणात विरून गेला, कारण नव्या चौकटीत एवढ्या अधिकारांच्या पंचायतीला जागाच नव्हती. चांगली संस्था उभी करणे पुरेसे नसते. संक्रमणात ती टिकेल अशी कायद्याची हमी हवी.

हमी मिळाली, तरीही

ती हमी ७३ व्या आणि ७४ व्या घटनादुरुस्तीने १९९३ मध्ये मिळाली. पंचायत वा नगरपालिका यांची मुदत पाच वर्षे आणि मुदत संपण्यापूर्वी निवडणूक, हे आता संविधानाचे वचन आहे. तरीही महाराष्ट्राने काय अनुभवले? पुणे जिल्हा परिषदेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात होता, प्रभागरचनेचे वाद होते. निवडणुका लांबत गेल्या आणि राज्यभर प्रशासक बसले. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने निवडणुका घेण्याचे आदेश दिले, तेव्हा कुठे डिसेंबर २०२५ मध्ये नगरपरिषदांचे मतदान झाले.

या काळात सरकार कोणत्या पक्षाचे होते, हा प्रश्न येथे गौण आहे. कारण या काळात राज्यात सरकारेही बदलली आणि प्रशासक मात्र कायम राहिले. प्रशासक कितीही कार्यक्षम असो, त्याच्या दाराशी हक्काने जाऊन जाब विचारणारा निवडून आलेला सदस्य नसतो. शिवाय पंधराव्या वित्त आयोगाच्या निधीसाठी रीतसर निवडून आलेली संस्था ही अट होती. म्हणजे लोकप्रतिनिधींच्या अभावाची किंमत रस्त्याच्या आणि पाण्याच्या रूपाने गावांना मोजावी लागली.

पुढील बदलांची चाहूल

यापुढचे बदल तर समोरच दिसत आहेत. जनगणनेसाठी १ मार्च २०२७ हा संदर्भदिन ठरला आहे आणि तिच्या आकड्यांवर पुढे मतदारसंघांची पुनर्रचना अवलंबून राहणार आहे. एकत्रित निवडणुकांसंबंधी रामनाथ कोविंद समितीने मार्च २०२४ मध्ये अहवाल दिला. लोकसभा-विधानसभेच्या मतदानानंतर शंभर दिवसांत स्थानिक संस्थांच्या निवडणुका घ्याव्यात, अशी तिची शिफारस आहे. डिसेंबर २०२४ मध्ये लोकसभेत मांडलेल्या विधेयकात स्थानिक संस्थांचा समावेश नाही. परंतु ही शिफारस उद्या अमलात आली तर अनेक पंचायतींची मुदत अलीकडे वा पलीकडे सरकवावी लागेल. राष्ट्राचा पैसा आणि वेळ वाचावा, हा हेतू स्वागतार्ह आहे. पण मधल्या पोकळीत पुन्हा प्रशासक येणार असेल, तर त्या हेतूचे समर्थन करणाऱ्यांनीच आधी आवाज उठवला पाहिजे.

वेल्हे तालुक्याला राजगड हे नाव देण्याचा निर्णय राज्य मंत्रिमंडळाने मार्च २०२४ मध्ये घेतला, ही अभिमानाची बाब आहे. संस्थानकाळातील एका तालुक्याचे नाव त्यामुळे पुन्हा उच्चारात येते. परंतु नाव बदलले की शिक्के, दाखले, उतारे, बँकेची कागदपत्रे सर्व बदलतात. एखाद्या विद्यार्थ्याचा दाखला जुन्या नावाचा आणि अर्ज नव्या नावाचा, एवढ्यावरून त्याचा प्रवेश अडता कामा नये. अभिमानाच्या मागे कारभाराची दक्षता उभी असावी लागते.

मग तयारी म्हणजे नेमके काय? पहिली गोष्ट दप्तराची. घरपट्टीची आकारणी नोंदवही, गावठाणाचे नकाशे, पाणीयोजनेची कागदपत्रे, ठरावांची पुस्तके जागेवर आणि अद्ययावत असली पाहिजेत. दुसरी गोष्ट स्वतःच्या उत्पन्नाची. घरपट्टी आणि पाणीपट्टी वेळेवर भरणारे गाव वरून येणारा निधी काही महिने थांबला तरी दिवाबत्ती आणि नळ बंद पडू देत नाही. तिसरी गोष्ट ग्रामसभेची. कायद्याने वर्षातून किमान चार ग्रामसभा आवश्यक आहेत. त्या सह्यांपुरत्या उरल्या, तर प्रशासक आला काय आणि सरपंच राहिला काय, गावाला फरक कळणारच नाही. चौथी गोष्ट माणसांची. मतदारयादी तपासणारे, अर्ज लिहून देणारे, नियम वाचून सांगणारे दोन-चार जण प्रत्येक गावात तयार असावेत आणि त्यांत भगिनी असाव्यात, कारण महाराष्ट्रात स्थानिक संस्थांतील निम्म्या जागा त्यांच्या आहेत.

हे काम फलकावर येणारे नाही. त्याला हार-तुरे नाहीत आणि वर्तमानपत्रात छायाचित्रही नाही. सणावाराला, संकटाला धावून जाणारा कार्यकर्ता समाजाला ठाऊक आहे. आता ग्रामसभेच्या दिवशी वेळेवर पोहोचणारा, मागच्या सभेचे इतिवृत्त वाचून आलेला आणि शेवटचा ठराव नोंदला जाईपर्यंत जागचा न हलणारा कार्यकर्ता हवा आहे. येत्या ग्रामसभेची तारीख आपापल्या गावी जाऊन विचारावी आणि त्या दिवशी शेजारच्या दोन घरांना सोबत न्यावे, एवढीच विनंती.